यशवंतरावांचं घर कोणतं?

कराड

प्रिय बाळ,


तुझं पत्र मिळालं. कॉलेजच्या प्रकल्पात नकाशा काढायला तुला यशवंतराव चव्हाणांच्या घराची माहिती हवी आहे, आणि आत्या कराडची म्हणजे तिला ती असणारच, असं तू धरून चालली आहेस. पण कोणतं घर गं? इथे कुणालाही विचारलंस तर त्यांचं कराडचं घर, 'विरंगुळा', दाखवतील. मी मात्र तुला आधी देवराष्ट्र्याला नेईन.

देवराष्ट्रे हे त्यांचं आजोळ. चव्हाण मूळचे विट्याचे, पण १२ मार्च १९१३ला यशवंतराव जन्मले ते आईच्या माहेरी. बाळंतपण फार अवघड गेलं. बाळंतीण हाती लागते की नाही अशी वेळ आली, तेव्हा आजीनं सागरोबा देवाला साकडं घातलं की, यश दे, मूल तुझ्या आठवणीनं यशवंत होईल. अख्खा महाराष्ट्र ज्या नावानं त्यांना ओळखतो, ते नाव त्या घरात, एका घाबरलेल्या आजीच्या तोंडून आलं. मला त्या घराचा सगळा इतिहास या एका गोष्टीत सापडतो. गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं, आता सांगलीत आहे. सरकारनं ते जन्मघर संरक्षित स्मारक केलं, हे फार चांगलं झालं. पुढाऱ्याचं घर म्हटलं की आपण वाडा, दिंडी दरवाजा, चौक शोधायला लागतो. तिथे तसलं काही शोधू नकोस. शेतकऱ्याचं साधं घर आहे ते, आणि साधं आहे म्हणूनच जपायला हवं. वाडे जपणारे पुष्कळ भेटतात.

मग कराड. वडील बळवंतराव कोर्टात बेलिफ होते. प्लेगानं त्यांना नेलं तेव्हा यशवंता जेमतेम चार-पाच वर्षांचा. आई विठाबाईंना अक्षरओळख नव्हती, पण मुलांची शाळा त्यांनी सुटू दिली नाही. टिळक हायस्कूलमधला हा मुलगा १९३२मध्ये अठरा महिन्यांची सजा घेऊन तुरुंगात गेला, तेव्हा घर त्याच माउलीनं धरून ठेवलं.

२ जून १९४२ला फलटणच्या वेणूताई लग्न होऊन या घरात आल्या. दोन महिन्यांत चले जाव सुरू झालं, यशवंतराव भूमिगत झाले. ते सापडेनात म्हणून १९४३च्या संक्रांतीला पोलिसांनी वेणूताईंना धरून नेलं. लग्नानंतरची पहिली संक्रांत, बाळ! हळदीकुंकवाच्या दिवशी नवी सून कोठडीत. घराच्या नकाशात हे कसं दाखवायचं ते तुझं तू ठरव, पण हे वगळून काढलेला नकाशा मला अपुराच वाटेल.

आता 'विरंगुळा'. पुढे यशवंतराव मुख्यमंत्री झाले, १९६२मध्ये संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, मग गृह, अर्थ, परराष्ट्र. मुंबई-दिल्लीतले ते बंगले सरकारचे, पद गेलं की सोडायचे. आपलं म्हणून परतायचं घर हे कराडचं. नाव किती मनापासून ठेवलंय बघ. पण तिथे दोघांना निवांत म्हातारपण काढता आलं नाही. १ जून १९८३ला वेणूताई गेल्या. मूलबाळ नव्हतं. २५ नोव्हेंबर १९८४ला दिल्लीत यशवंतरावही गेले आणि कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर कायमचे विसावले. वेणूताईंच्या नावाचं स्मारक कराडात आहे, यशवंतरावांची पुस्तकं तिथे जपून ठेवली आहेत. माणसं मंत्र्याचं घर बघायला येतात. मी त्यांना आवर्जून वेणूताईंच्या स्मारकात पाठवते.

आजी, आई, बायको. तीन घरं या तिघींनी उभी धरली, असं माझं ठाम मत आहे. तुझ्या प्रकल्पात यशवंतरावांचं नाव मोठ्या अक्षरात लिही, पण या तिघींची नावं तळटीपेत ढकलू नकोस. देवराष्ट्र्याच्या आजींचं नाव मिळेल तिथून शोधून काढ.

दिवाळीच्या सुट्टीत ये. येताना मोजपट्टी आण, आणि 'कृष्णाकाठ' वाचून ये. यशवंतरावांनी स्वतः लिहिलेलं आत्मचरित्र आहे, १९४६पर्यंतचं. पुढचे भाग लिहायचे राहून गेले.

तुझी,
आत्या