पहिलीपासून जपानी

जपानी भाषेची परीक्षा उलटी मोजतात. पाचवी पातळी सगळ्यात सोपी, पहिली सगळ्यात अवघड. एन-फाइव्हपासून निघायचं आणि जमलं तर एन-वनपर्यंत पोचायचं. 1984 साली ही परीक्षा सुरू झाली तेव्हा पातळ्या चारच होत्या. तिसरीतून दुसरीत जाताना पोरांची दमछाक होते हे लक्षात आल्यावर 2010 मध्ये त्या दोघींच्या मधे एक नवी पायरी घातली आणि पाच झाल्या. पोरं धापा टाकतात म्हणून पायरीच बदलणारी परीक्षा मी तरी दुसरी पाहिलेली नाही. पण धानोऱ्याच्या आठवडी बाजारात हे कुणाला समजावून सांगणार? शेजारच्या काकूंनी विचारलं, काय शिकतेस? म्हटलं, जपानी, सध्या पाचवीची तयारी चाललीय. काकू वांगी निवडता निवडता थांबल्या. "एवढ्या दूर पुण्याले जाऊन पाचवीतच बसली का व?"

धानोरा म्हणजे गडचिरोलीहून पूर्वेला, मुरूमगावमार्गे छत्तीसगडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. नाव सांगितलं की पुण्यातले लोक आधी नक्षलवाद्यांचं विचारतात. थोडं वाचणारा असेल तर ग्रामसभेसाठी गाजलेल्या मेंढा-लेखाचं विचारतो. जपानी तिथे कशी पोचली, हे मात्र सगळेच विचारतात. मोबाइलमधून पोचली. कोरोनाच्या टाळेबंदीत शाळा बंद होती आणि आमच्या गच्चीच्या एकाच कोपऱ्यात रेंज यायची. तिथे बसून मी जपानी कार्टून मालिका बघायची, खालच्या ओळी वाचायची आणि वहीत अक्षरं उतरवायची. हिरागानाची मूळ अक्षरं 46, काताकानाचीही 46. ती पाठ झाली तेव्हा आपल्याला जपानी येतं असं मला वाटलं, आणि घरच्यांना तर त्याहून जास्त.

पुण्यात जपानी शिकणं ही नवलाची गोष्ट नाही. रानडे इन्स्टिट्यूट आहे, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आहे, गल्लीबोळात खासगी वर्ग आहेत. आयटीतली माणसं शिकतात, चाकण-तळेगावच्या कारखान्यांतली शिकतात, निवृत्त आजोबाही शिकतात. मी कॉलेज सांभाळून एका वर्गाला नाव घालायला गेले. थोडं येतं असं म्हटल्यावर त्यांनी मला सरळ पहिल्या बाकावर बसवलं नाही, चाचणी घेतली. आधी लेखी, मग तोंडी. लेखीत अक्षरं होती, गाळलेल्या जागा होत्या, एक छोटा उतारा होता. मी भराभर सोडवलं. मराठी माणसाला जपानी वाक्य फारसं परकं वाटत नाही. क्रियापद शेवटी, शब्दयोगी अव्ययं नामाच्या नंतर, सगळं ओळखीच्या जागी. तोंडीला सेन्सेई, म्हणजे शिकवणाऱ्या बाई, समोर बसल्या. पुण्याच्याच, सुती साडीतल्या, चष्मा नाकावर. त्यांनी ओळख करून द्यायला सांगितली. मी मालिकेतल्या नायकाच्या तोऱ्यात दिली. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि शांतपणे मराठीत विचारलं, "कुठल्या मालिकेतला मुलगा हा?" माझं बोलणं म्हणजे मुलाखतीला जाऊन साहेबाला 'अबे' म्हणण्यातला प्रकार होता.

मग त्यांनी माझी उत्तरपत्रिका पुढे ओढली आणि काताकानातल्या दोन अक्षरांवर बोट ठेवलं, शि आणि त्सु. दोन्हींत दोन बारीक फटकारे आणि एक लांब रेघ. लांब रेघ शि मध्ये खालून वर जाते, त्सु मध्ये वरून खाली येते. छापलेल्या अक्षरात हा फरक नवख्याला कळतही नाही. मी दोन्ही वरूनच ओढली होती. "आकार बघून काढलंयस. हात कुणी धरलेला नाही," बाई म्हणाल्या. रेघेचं शेपूट कुठे निमुळतं होतं त्यावरून त्यांना ते दिसलं होतं. जपानीत रेघेच्या शेवटाचेही प्रकार असतात. कुठे रेघ टेकवून थांबवायची, कुठे उसळी मारायची, कुठे फराटा सोडून द्यायचा. फोनच्या पडद्यावर अक्षर तयारच येतं. ते काढताना हात कुठून निघाला ते दिसत नाही. गच्चीवरची दोन वर्षं त्या एका शेपटात पकडली गेली.

वाचायला दुसऱ्या वर्गाची, बोलायला पहिल्याच्याही खालची, असा माझा निकाल. मधला वर्ग नव्हता. बाईंनी पहिल्यात घातलं आणि वर सांगितलं, "कंटाळा येईल, येऊ दे."

कंटाळा आलाच. पण त्याच्याआधी आलं ते कौतुक. बाकीचे अक्षरांशी झटत असताना माझी पाटी भरलेली. कंपनीतून दमून आलेले, माझ्याहून दुप्पट वयाचे इंजिनिअर माझ्या वहीत डोकावायचे. कुणीतरी म्हणालं, ही फार हुशार आहे. आणि मला एकदम माझ्या पहिलीतल्या बाई आठवल्या, कारण त्याही हेच म्हणायच्या.

तेव्हा मी हुशार होते म्हणजे काय होते? आमच्या घरी मराठी बोलायचे आणि पुस्तक मराठी होतं, इतकंच. वर्गात माझ्या शेजारी बसायची ती आतल्या गावची, गोंडी बोलणाऱ्या घरातली. मुरूमगावकडून आलेल्या काहींच्या घरी छत्तीसगढी होती. माझ्या शेजारणीला कुठलं मोहाचं झाड कुणाच्या वाट्याचं ते माहीत होतं. रानातलं पाखरू न दिसता आवाजावरून ती नाव सांगायची. मोजायचीही पटापट, पण तिच्या भाषेत. वर्गात मात्र गप्प. बाईंनी विचारलेलं तिला कळायचं नाही, आणि कळलं नाही हे सांगायलाही मराठीच लागायची. वर्षाअखेर मी पहिली आले आणि ती मठ्ठ ठरली. दोघींना जूनमध्ये एकाच बाकावर बसवलं होतं, पण मी त्या भाषेत सहा वर्षं राहून आले होते आणि तिचा तो पहिलाच दिवस होता. जपानीच्या वर्गात कुणी असं केलं असतं तर आम्ही फी परत मागितली असती.

गोंडी काही मूठभरांची बोली नाही. 2011 च्या जनगणनेत सुमारे 30 लाख लोकांनी ती मातृभाषा म्हणून नोंदवली आहे. मध्य भारतात पसरलेली, द्राविडी कुळातली, तेलुगू-कन्नडची नातलग. तिच्या दोन लिप्या आता संगणकाच्या युनिकोडमध्येही आहेत. एक 2017 मध्ये आली, दुसरी 2018 मध्ये. संविधानात 1956 साली घातलेलं कलम 350-क म्हणतं, अल्पसंख्य भाषिक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं म्हणून राज्याने प्रयत्न करावा. प्रयत्न करावा, एवढंच म्हणतं. आमच्याच तालुक्यातल्या मोहगावात 2019 मध्ये ग्रामसभांनी स्वतःच्या बळावर गोंडी माध्यमाची शाळा काढली. पुण्यात मला हे वाचून कळलं, घरापासून एवढ्या जवळ असून. गावातली आमची मराठी घरं आणि त्यांची गोंडी घरं यांच्यात बाजार असतो, लग्नाची आमंत्रणं असतात, पण अशा बातम्या इकडून तिकडे येत नाहीत.

माझी त्या बाकावरची मैत्रीण दहावीनंतर शिकली नाही. आता तिच्या गावच्या ग्रामसभेचा तेंदूपत्त्याचा हिशेब ती ठेवते. मे महिन्यात फळीवर, म्हणजे पानं जमा करायच्या जागी, पुडे मोजून घेते, कुणाचे किती ते वहीत चढवते, आणि व्यापाऱ्याच्या माणसाशी मराठीत, हिंदीत, लागलं तर छत्तीसगढीतही वाद घालते. सुट्टीत मी गेले तेव्हा ती हेच करत होती. मी बाजूला बसून तिला चाचणीची गोष्ट सांगितली. कुठल्या मालिकेतला मुलगा, इथे ती खळखळून हसली. वर्ग ठरवायला आधी परीक्षा घेतात, यावर मात्र तिने वही मिटली.

"म्हंजे तुले काय येते, काय येत नाही, ते आधी पायलं?"

"हो."

"आन् येत नाही ते पहिलीपासून शिकोलं? चित्र दाखवून, हातवारे करून?"

"हो. पहिले काही दिवस तर नुसतं, हे काय आहे, ते काय आहे."

"आन् कोणी बोललं नाही तं त्याले मठ्ठ म्हनत नाही?"

वर्गातले इंजिनिअर डोळ्यांपुढे आले. महिना उलटला तरी त्यांतल्या काहींच्या तोंडून धड एक वाक्य निघत नव्हतं. बाई त्यांना रोज तेच वाक्य नव्याने विचारायच्या. पाचवीच्या परीक्षेत बोलण्याचा भागच नाही. 180 पैकी 80 गुण, वाचन आणि ऐकणं यांतल्या किमान गुणांची अट सांभाळली की पास. तरी बाई प्रत्येकाला बोलतं करतात. "नाही म्हणत," मी म्हटलं.

तिच्या भावाची पोरगी यंदा पहिलीत जाणार आहे. मोहगाव त्यांच्या गावापासून दूर पडतं, म्हणून जवळच्याच शाळेत. विदर्भात शाळा जूनच्या शेवटाला उघडतात, तोवर मी घरीच होते. मैत्रीण म्हणाली, "मंग मास्तरले तूच सांग. आमच्या पोट्टीले मराठी शिकवाची असन तं जपानीवानी शिकवा."

मी गेले. मास्तर नवे होते, तरुण होते, लातूरकडचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, मॅडम, मला स्वतःला गोंडीतली एक ओळ येत नाही, माझी चाचणी घेतली तर मी कुठल्या वर्गात बसेन? मग त्यांनी मैत्रिणीचा फोन नंबर मागून घेतला. आठवड्यातून एक दिवस ती शाळेत येऊन त्यांना गोंडी शिकवेल का, असं त्यांना विचारायचं होतं. मैत्रिणीने पहिला प्रश्न विचारला तो पैशाचा. ग्रामसभेचा हिशेब ठेवणारी बाई ती, फुकट कशाला शिकवेल?