अर्ध्यावर परत आणलेलं लेकरू



दशलक्षण पर्वात सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांवर प्रवचन झालं. उपगूहन आणि स्थितिकरण ही नावं ऐकली आणि मला आमचा सोळा वर्षांचा भाचा आठवला.

आपल्या शहरात ज्या नशेच्या गोळ्यांना 'बटन' म्हणतात, त्यांच्या नादी तो लागला होता. नणंदेने त्याला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं, आणि बाराव्या दिवशी घरी आणलं. का? तो फोनवर रडला. तिथे कांदा-लसूण, रात्रीचं जेवण. शिवाय घरात लग्न होतं. "मुलगा दिसला नाही तर लोक विचारतील, घेऊन या," असं सांगणारी मीच. तीन आठवड्यांत पुन्हा गोळ्या सुरू झाल्या.

दुसऱ्या वेळी समुपदेशकताईंनी आम्हालाच समोर बसवलं. पहिल्या दिवसांत फक्त शरीर शांत होतं, मनाची ओढ नंतर उसळते. या वयाची मुलं बहुधा स्वतःहून येत नाहीत, त्यांना आणलं जातं. म्हणून आईवडील डळमळले की मूलही निघतं. मन मोकळं करायला एक विश्वासाचं माणूस हवं, जुनी संगत सुटायला हवी आणि परतल्यावर शाळेची वाट उघडी हवी. अशा गोळ्या घरीच एकदम बंद केल्या तर झटकेही येऊ शकतात, म्हणून डॉक्टर हवेतच.

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं. तिथले उपचार ३५ दिवसांचे असतात आणि घरच्यांनाही त्यात सामील करून घेतात. आम्ही मात्र बारा दिवसांत बरं होण्याची घाई केली होती! या वेळी विचारलं, तर केंद्राने सूर्यास्तापूर्वी साधं ताट दिलं. आधी आम्ही विचारलंच नव्हतं.

उपगूहन म्हणजे दोषाचा गाजावाजा न करणं. आजार लपवून उपचार तोडणं नव्हे. आणि स्थितिकरण? वारिषेण मुनींनी डळमळणाऱ्या मित्राला हाकलून दिलं नाही. त्याला सोबत राजवाड्यात नेऊन स्वतः सोडलेलं वैभव दाखवलं आणि पुन्हा स्थिर केलं.

भाच्याने या वेळी उपचार पूर्ण केले. क्षमावाणीला मी त्याच्यापुढे हात जोडले, "तुला मीच अर्ध्यावर आणवलं रे." तो म्हणाला, "मामी, रविवारी केंद्रात भेटीला जायचंय, येशील?"

आता दर वेळी मी जाते. कुणाच्या घरी अशी वेळ आली, तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय मदत क्रमांक जवळ असू द्या.