खोगीरभरती

निरुपयोगी माणसांच्या किंवा मजकुराच्या गर्दीला आपण मराठींत खोगीरभरती म्हणतों. खोगिराच्या पोटांत काय कोंबलें आहे याची बसणारा फारशी चौकशी करीत नाहीं. घोड्याला मात्र ती करावी लागते. कारण त्याच्या पाठीशीं गांठ असते ती या भरतीचीच.

नागपूरकर भोसल्यांचें घोडदळ १७४२ सालीं बंगाल्यावर चालून गेलें. आज भंडारा जिल्ह्यांत वैनगंगेच्या कांठीं घोडा दिसलाच, तर तो बहुधा वरातीचा. म्हणून पवनीच्या आमच्या एका स्नेह्यांनीं सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेंतून चार वर्षांची घोडी आणली, तेव्हां गांवानें तिचें कौतुक पुष्कळ केलें. खोगीर कसें बसवावें हें सांगणारें मात्र कोणी नव्हतें. पावसाळ्यापर्यंत घोडी गुणी होती. पुढें ती तंग आवळतांना चावूं लागली, आणि उतारावर पाठ उंचावून स्वाराला फेकूं लागली. ‘घोडी द्वाड निघाली, वरातवाल्यास देऊन टाकतों,’ असें त्यांनीं आम्हांस कळविलें.

आम्ही गेलों तें आधीं खोगीर पाहावयास. तें विलायती धाटणीचें, आंत लांकडी सांगाडा असलेलें होतें. त्याखालीं दोन जाड नमदे. बोचूं नये म्हणून एक, आणि तरीही बोचतें म्हणून दुसरा! जोडा घट्ट होतो म्हणून पायांत आणखी एक मोजा चढवावा, तशांतलाच हा प्रकार. घोडीला अर्धा तास फिरवून खोगीर उतरविलें. सारी पाठ घामानें निथळत होती. खांद्यांच्या मागें मात्र दोन्ही बाजूंस तळहाताएवढी जागा कोरडी. दाब फार झाला कीं त्या जागीं घाम सुटत नाहीं. तेथें बोट टेंकतांच कातडी थरारली. असा दाब फार दिवस राहिला तर तेथें पांढरे केस येतात, आणि ते बहुधा जन्मभर राहतात.

खोगीर घेतलें तेव्हां तें बरोबर बसत होतें, असें स्नेही पुनःपुन्हां सांगत होते. आणि तें खरेंही होतें. पण घोड्याच्या कण्याची वाढ पांच-सहा वर्षांपर्यंत चालते. मधूनच मागील धड उंच होतें, आणि खोगीर पुढें घसरून खांद्याच्या फऱ्यावर येतें. खाण्यापिण्यानें आणि मेहनतीनें पाठ भरली, कीं कालचा सांगाडा आज चिमटा घेतो. वाढत्या मुलाचा सदरा आपण दर वर्षीं नवा शिवतों. घोडीनें मात्र एकाच मापांत राहावें, अशी आपली अपेक्षा! कण्याच्या दोहों अंगांस मांस भरलेली पाठ बसावयास सुखाची, असें झेनोफन या ग्रीक ग्रंथकारानें इसवी सनापूर्वीं चौथ्या शतकांतच लिहून ठेविलें आहे. त्याच्या स्वारांना सांगाड्याचें खोगीर ठाऊक नव्हतें, हें त्या घोड्यांचें भाग्य म्हणावें काय?

अरुंद सांगाड्याला भरती हा उपाय नव्हे. कातडी शांत होईपर्यंत घोडीवर कोणीं बसावयाचें नाहीं, लांब दोरीवर तेवढी फिरवावयाची, असें ठरलें. स्नेह्यांना हें पटण्यास दोन दिवस लागले. वरातवाल्याचा निरोप दारांत येऊन बसला होता. मग लवचीक तार पाठीवर तीन ठिकाणीं दाबून तिचा आकार कागदावर उतरविला, आणि त्याबरहुकूम किंचित रुंदच सांगाडा आणविला. उणीव पातळ नमद्यानें भरून निघते. पाठ भरली कीं तो काढतां येतो. नवें खोगीर फऱ्याच्या मागें ठेविलें. तें शेवटच्या, म्हणजे अठराव्या, बरगडीच्या पलीकडे जाऊं दिलें नाहीं. स्वार बसल्यावरही कण्यावर मोकळी वाट राहते ना, हें खालीं बोटें घालून पाहिलें.

पहिल्या दिवशीं तंग आवळतांना घोडीनें सवयीनें मान वळविली, दांत दाखविले, आणि चावा न घेतांच ती उभी राहिली. वरातवाल्यास नकार गेला. तिच्या पाठीचे तीन वेळां घेतलेले आकार आतां स्नेह्यांच्या पडवींत खुंटीला टांगले आहेत, आणि प्रत्येक आधीच्याहून थोडा रुंद आहे. चौथा रामनवमीनंतर घ्यावयाचा आहे.