पाठीमागचा उजेड

ट्रॅक्टर विकत घेतला की त्याच्याबरोबर पुढचे दोन दिवे मिळतात. ते रस्त्यासाठी असतात. काही ट्रॅक्टरांना मागे नांगरटीचा एक दिवा असतो, त्याचा उजेड जमिनीवर ताटाएवढा पडतो. शेतकऱ्याचे काम मात्र ट्रॅक्टरच्या मागे चालते. नांगर मागे, रोटाव्हेटर मागे, औषध मारायचा ब्लोअर मागे. पुढे फक्त वाट असते आणि ती वाट बागायतदाराला डोळे मिटूनही ठाऊक असते. आम्ही तिघे भाऊ तासगाव तालुक्यात द्राक्षबाग करतो. छोट्या ट्रॅक्टरवर जास्तीचे दिवे बसवण्याचा विचार आमच्या डोक्यात आला, त्याच्या मुळाशी ही एवढीच साधी गोष्ट आहे.

रात्री औषध मारायची हौस कुणाला असेल? पण द्राक्ष हे पीक माणसाच्या झोपेचा विचार करत नाही. ऑक्टोबरात छाटणी झाली की डोळे फुगतात, पोंगा सुटतो, काडी वाढते, घड दिसू लागतात. हे पहिले पन्नासेक दिवस फार नाजूक. एवढ्यात पाऊस झाला, पान ओले राहिले, रात्री दमट हवा मिळाली की दावण्या येतो. या बुरशीला बी धरायला अंधार आणि ओल लागते. रात्रीत ती पानाच्या खालच्या अंगाला पांढरी पसरते आणि ओल्या पानावर काही तासांत आत शिरते. म्हणजे संध्याकाळी पाऊस उघडला तर सकाळची वाट बघण्यात अर्थ नसतो. पुन्हा दिवसा वारा असतो, ऊन असते. वाऱ्याने औषध शेजाऱ्याच्या रानात जाते, उन्हाने पानावर पोचण्याआधीच वाळते. रात्री वारा पडतो. ओल्या काळ्या रानात मोठा ट्रॅक्टर रुततो. वीस-बावीस अश्वशक्तीचा छोटा, टनाच्या आतबाहेरच्या वजनाचा ट्रॅक्टर निघून जातो. आठ-नऊ फुटांच्या ओळीतून तोच वळतो.

आमच्या घरात याला आणखी एक कारण होते. 2003 ते 2006 या चार वर्षांत रमजान नेमका छाटणीच्या हंगामात आला. रोजा धरून, तोंडाला फडके बांधून, दुपारच्या उन्हात औषध मारणे म्हणजे घशाला कोरड आणि डोक्याला चक्कर. मग तरावीह आटोपून दहाच्या सुमारास आम्ही बागेत जायचो आणि सहेरीपर्यंत जेवढ्या टाक्या होतील तेवढ्या मारायचो. औषध कालवायला आमच्याकडे तात्या होते. अब्बांच्या बरोबरीचे, आळंदीची वारी न चुकवणारे. त्यांचे लक्ष घड्याळावर आमच्यापेक्षा अधिक. चार वाजत आले की म्हणायचे, “ही शेवटची टाकी रं पोरांनो, मग तुमची खायाची येळ झाली.”

पहिल्या दोन हंगामांत अंधारातच काम चालले. आमच्यातला एक स्टिअरिंगवर, एक बॅटरी घेऊन ब्लोअरच्या मागे, एक पाण्यावर. ब्लोअरला दोन्ही अंगांना मिळून दहा-बारा नोझल असतात. त्यातला एक तुंबला तर दिवसा लगेच कळते, कारण फवाऱ्यात खिंडार दिसते. रात्री कळत नाही. पंख्याचा आवाज तोच, ट्रॅक्टरचा वेग तोच, फक्त वेलीचा एक पट्टा कोरडा राहतो. आठवड्याने त्याच पट्ट्यात पानावर तेलकट डाग उठतात आणि पान उलटले की पांढरी बुरशी. औषधाला आणि डिझेलला पैसे तेवढेच गेलेले असतात.

पण दिव्यांचा निर्णय आम्ही पानांसाठी घेतला नाही. 2004 च्या नोव्हेंबरातली गोष्ट. रात्रीचे दोन वाजले असतील. थंडी होती, तात्यांनी गळ्याला मफलर गुंडाळला होता. नोझल बघायला ते बॅटरी दातात धरून वाकले. ट्रॅक्टरची ताकद ब्लोअरला देणारा पीटीओचा दांडा मिनिटाला 540 फेरे घेतो. म्हणजे एका सेकंदात नऊ. मफलरचे सुटे टोक त्याच्याकडे कधी गेले ते ना त्यांना दिसले, ना आम्हाला. कापड ओढले गेले, तात्या गुडघ्यावर आले आणि जुना विरलेला मफलर टर्रकन फाटला. क्लचवर पाय पडेपर्यंत सगळे होऊन गेले होते. नवा मफलर असता तर काय झाले असते, हे त्या रात्री कुणीच बोलले नाही. तात्या थोडा वेळ बांधावर बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, “चला, टाकी अर्धी ऱ्हायलीया.”

दुसऱ्याच दिवशी दांड्यावर प्लॅस्टिकचे आवरण बसले आणि दोन-चार दिवसांत आम्ही ट्रॅक्टर घेऊन तालुक्याच्या गावी वायरिंगवाल्या चाचांकडे गेलो. ट्रकच्या वायरिंगमध्ये त्यांचे आयुष्य गेलेले. आम्ही म्हटले, चार मोठे दिवे बसवा. ते आपल्या दखनीत म्हणाले, “आगू नक्को, पीछू लगाव. और पहले हिसाब करो.”

तो हिशेब आजही प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याने करावा असा आहे. दिव्याच्या वॅटला बॅटरीच्या व्होल्टने भागायचे की किती अँपिअर वीज लागते ते कळते. 55 वॅटचा हॅलोजन 12 व्होल्टवर साडेचार अँपिअर खातो. चार दिव्यांचे अठरा. पुढचे दोन धरले तर सत्तावीस. छोट्या ट्रॅक्टरचा अल्टरनेटर बेताचा असतो. त्याला बॅटरीही भरायची असते. इंजिन वेगात असते तोवर ठीक, पण टाकी भरायला थांबलो आणि इंजिन मंद झाले की सगळा भार बॅटरीवर. पहाटे सेल्फ मारला तर नुसते टक टक. म्हणून चाचांनी दोनच दिवे दिले.

जोडणीही त्यांनी समजावून केली. दिव्याची जड वीज डॅशबोर्डवरच्या स्विचमधून न्यायची नाही, नाहीतर स्विच वितळतो. मध्ये रिले बसवायचा. स्विचची बारीक तार फक्त रिलेला हुकूम देते, दिव्याची वीज बॅटरीपासून रिलेमार्गे थेट जाते. बॅटरीपासून निघणाऱ्या तारेवर वीतभर अंतरातच फ्यूज. दोन दिव्यांचे नऊ अँपिअर होतात, तेव्हा फ्यूज पंधराचा आणि तार अडीच एमएमची. तार बारीक घेतली तर दिवा पिवळा पडतो आणि तार तापते. अर्थसाठी बॉडीचा रंग खरवडून उघड्या लोखंडावर पक्का बोल्ट. तारा नळीत घालून, सायलेन्सर आणि फिरत्या भागांपासून लांब, जागोजागी बांधलेल्या. द्राक्षबागेत आणखी एक वैरी असतो. आम्ही मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मारतो. ते सांध्यावर बसले की हिरवट कीट चढतो आणि काही महिन्यांत जोड सुटतो. म्हणून प्रत्येक जोडाला डाख, वर नळी, आणि बॅटरीच्या टोकांना व्हॅसलीन.

दिवे कुठे बसवायचे, हे मात्र बागेनेच शिकवले. आधी ते उंच, सीटच्या मागे, सरळ मागच्या बाजूला रोखून लावून पाहिले. ब्लोअर सुरू झाला आणि मागे पांढरी भिंत उभी राहिली. फवाऱ्याच्या थेंबांवरून सगळा उजेड परत आमच्याच डोळ्यांत. मग दिवे मडगार्डच्या खाली, दोन्ही बाजूंना आणले आणि तिरपे केले, म्हणजे उजेड फवाऱ्याला आडवा छेदून जाईल. त्याबरोबर एकेक नोझलची धार वेगळी दिसू लागली. उजेड खालून वर जात असल्याने पानाची खालची बाजूही दिसली, आणि दावण्या तिथेच तर असतो. दांडा, त्याचे आवरण, माणसाचे पाय, हे सगळे त्याच उजेडात आले.

पुढे एलईडी आले आणि हिशेब बदलला. अठरा वॅटच्या एलईडीला दीड अँपिअर पुरतो. हॅलोजनची तापलेली काच गार फवाऱ्याने तडकायची, ती कटकट संपली. पण स्वस्ताई आली की हावही येते. आता कुठल्याही रस्त्यावर असे ट्रॅक्टर दिसतात की पुढे लांबलचक पट्टी, वर चार, मागे चार. समोरून मोटारसायकलवर येणाऱ्याला काही दिसत नाही, मागून येणाऱ्याला पांढऱ्या झोतात ट्रॉली दिसत नाही. कामाचा दिवा बांधापर्यंतच. रस्त्यावर चाक गेले की तो बंद, यासाठी त्याचा स्विच वेगळा आणि हाताशी हवा. दुसऱ्याच्या डोळ्यांत जाणारा उजेड त्याच्यासाठी अंधारच असतो.

2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी पाऊस थांबता थांबेना. आमच्या भागात आणि नाशकाकडेही दावण्याने, घडकुजीने बागाच्या बागा गेल्या. त्या दिवसांत रात्री गच्चीवर उभे राहिले की चहूकडे रानात हलते दिवे दिसायचे. प्रत्येक दिव्यामागे कुणाचे तरी कर्ज, कुणाच्या तरी मुलीचे लग्न. आमची निम्मी बाग वाचली, निम्मी गेली. दिव्यांनी पीक वाचवले असे म्हणणे खोटे ठरेल. पाऊस त्यांच्याहून मोठा होता. पण त्या हंगामात आमच्याकडच्या कुणाही माणसाला इजा झाली नाही, हे आम्ही नफ्याच्या रकान्यात धरतो.

शेवटचा दिवा तात्यांच्या सांगण्यावरून बसला. मडगार्डवर, बाजूला, खाली वाकवलेला, फक्त नऊ वॅटचा. औषध कालवायच्या पिंपावर त्याचा उजेड पडतो. तोवर मापाचे झाकण बॅटरीच्या उजेडात भरले जाई आणि बाटलीवरची बारीक अक्षरे कुणी वाचत नसे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध मारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-मजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. त्या बातम्या तात्यांनी आमच्याकडून वाचून घेतल्या आणि म्हणाले, “त्या पिपावर एक बत्ती लावा. काय वततूय ते दिसू दे.”

इंजिन बंद असतानाही हा दिवा चालतो, कारण तो पाऊण अँपिअरच खातो. आमच्या सगळ्या दिव्यांत तो सर्वात लहान आणि सर्वात स्वस्त. पाहुणे ट्रॅक्टर बघायला आले की पुढच्या दिव्यांचे कौतुक करतात, मागच्या दोहोंची किंमत विचारतात, त्या छोट्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. रमजान आता सरकत सरकत द्राक्ष-उतरणीच्या दिवसांत आला आहे. तात्यांना आता पिंप उचलवत नाही, त्यांचा नातू ते काम करतो. हातमोजे घालतो, झाकण उजेडात धरतो, खुणेपर्यंत औषध आले की थांबतो आणि मगच ओततो.