मॅडमचं शिफारसपत्र

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही म्हणून अमेरिकेतल्या पुतण्याचा फोन आला, "काका, तब्येत बरी आहे ना?" तब्येत ठणठणीत आहे. न लिहिण्याचं कारण वेगळंच आहे, आणि ते माझ्याच एका पत्रातून निघालंय. तेच आज सांगतो.

यंदाच्या एप्रिलमधली गोष्ट. परीक्षा संपल्या होत्या. संध्याकाळी मी ओट्यावर बसलो होतो, तेवढ्यात आमच्या भागातल्या हायस्कूलच्या इंग्रजीच्या मॅडम आल्या. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. मी निवृत्त झाल्यावर बऱ्याच वर्षांनी त्या शाळेत आल्या. आमची ओळख झाली ती मी शाळेचं वाचनालय लावून द्यायला जायचो तेव्हाची. हिने पन्ह्याचा पेला हातात दिला, तो संपेपर्यंत मॅडम काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सर, एक काम होतं. नाही म्हणालात तरी चालेल."

पुणे जिल्ह्यातल्या एका निवासी शाळेत इंग्रजी विभागप्रमुखाची जागा होती. मुलाखत झाली होती, पाठ घेऊन दाखवून झाला होता. आता त्यांना काम जवळून पाहिलेल्या दोन व्यक्तींची पत्रं हवी होती. एक त्यांच्या बी.एड.च्या प्राध्यापिका देणार होत्या. दुसरं मी द्यावं.

"मुख्याध्यापकांना विचारलंत?"

"त्यांना विचारलं तर आधी ते रडतील, सर."

यावर आम्ही तिघंही हसलो. पण त्या गेल्यावर मला हसू येईना.

आमचं कळंब ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. नेरळला उतरायचं, माथेरानकडे पाठ करायची आणि एस.टी. नाहीतर टमटम मिळेल ती धरून आत यायचं. पुढे रस्ता कशेळेकडे जातो. आजूबाजूला भातशेती आणि डोंगराच्या कडेने वाड्या, ठाकरांच्या आणि कातकऱ्यांच्या. वाडीवरच्या मुलांची घरची बोली वेगळी. शाळेत आल्यावर आपलं पुस्तकी मराठी हीच त्यांना निम्मी परकी भाषा, वर हिंदी, आणि मग इंग्रजी. बोर्डाच्या कागदावर इंग्रजी ही तृतीय भाषा. या पोरांच्या हिशेबाने ती चौथी पडते. इंग्रजीचा तास म्हटला की मागची दोन बाकं खिडकीबाहेर बघायची, हे मी माझ्या नोकरीच्या सगळ्या वर्षांत पाहिलंय. मी काही इंग्रजीचा शिक्षक नव्हे, मराठी-इतिहासवाला. जुन्या अकरावीचा, मराठी माध्यमातून बी.ए. झालेला. माझं इंग्रजी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसलेलं, म्हणजे व्याकरण पक्कं आणि तोंड बंद!

मॅडमनी पहिल्या वर्षी काय केलं, तर मुलांना घरातून रिकाम्या पिशव्या आणायला सांगितल्या. युरियाची गोणी, बियाण्याची पिशवी, औषधाचं खोकं, बिस्किटाचा कागद. गोणीवर ४५ किलो लिहिलंय, त्याच्या शेजारचे शब्द कोणते? औषधाच्या खोक्यावर तारीख दोनदा का छापली आहे? आठवीतला एक पोरगा घरी जाऊन बापाला म्हणाला, हे औषध गेल्या वर्षीच संपलंय, फवारू नका. बाप दुसऱ्या दिवशी शाळेत. आम्हाला वाटलं भांडायला आलाय. तो बाई कोण ते बघायला आला होता.

दुसरी गोष्ट पोस्टकार्डांची. नववीला पत्रलेखन असतं. वर्षानुवर्षं मुलं वहीत पत्रं लिहितात, ती पत्रं कुठेही जात नाहीत. मॅडमनी पन्नास पैशांची खरी पोस्टकार्डं आणली. त्यांची एक मैत्रीण कोल्हापूरकडे शिकवते, तिच्या वर्गाशी पत्रव्यवहार सुरू केला. इंग्रजीतून, मोडक्यातोडक्या. चुका लाल शाईने खोडायच्या नाहीत, जे वाक्य बरोबर आलं त्याखाली हिरवी रेघ मारायची, हा त्यांचा नियम. (मी आयुष्यभर लाल शाई वापरली. माझ्या वर्गातल्या वह्या म्हणजे लढाईनंतरचं मैदान.)

आणि आमच्याकडचा सर्वांत मोठा प्रश्न दिवाळीनंतरचा. कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, मुलं बरोबर जातात, पावसाच्या तोंडावर परत येतात. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे नुसती फुल्यांची माळ. मॅडम जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातात शाळेचा पत्ता लिहिलेली चार पोस्टकार्डं द्यायच्या. एका वर्षी माघात एक कार्ड आलं. विटेच्या मातीचा अंगठा उमटलेलं. त्यावर तीन वाक्यं: 'वी आर निअर भिवंडी. देअर इज नो ट्री. आय विल कम बिफोर रेन.' मॅडमनी ते कार्ड मला वाचनालयात आणून दाखवलं आणि काही न बोलता परत घेऊन गेल्या. तिन्ही वाक्यांखाली हिरवी रेघ होती.

तर अशी बाई. विनाअनुदानित तुकडीवर नऊ वर्षं. टप्पा अनुदान येणार, येणार असं ऐकत. पगाराचं काय सांगावं, नवऱ्याची खाजगी नोकरी नसती तर घर चाललं नसतं. दोन मुलं मोठी होतायत.

त्या रात्री मी पत्र लिहायला बसलो नाही. खरं सांगतो, माझ्या मनात आलं की पत्र लिहावं, पण बेताचं. खोटं काही नाही. 'काम समाधानकारक आहे.' एवढ्या एका शब्दाने माणूस जागच्या जागी राहतो, हे मला चांगलं माहीत होतं, कारण हे मी एकदा केलेलं आहे.

१९९४ साल. तेव्हा मी दुसऱ्या एका गावातल्या शाळेत पर्यवेक्षक होतो. आमच्याकडे गणिताचे एक तरुण शिक्षक होते. मुलं त्यांच्या तासाची वाट बघायची, आणि गणिताच्या तासाची वाट बघणं म्हणजे काय ते शिक्षकांनाच कळेल. त्यांना मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या शाळेत संधी आली. तिथल्या मुख्याध्यापकांनी मला खाजगीत पत्र पाठवून विचारलं. दहावीची परीक्षा तोंडावर होती. मी दोन ओळींचं उत्तर लिहिलं. 'काम समाधानकारक. अनुभव अजून वाढण्यास वाव आहे.' त्यांची निवड झाली नाही. आमचा दहावीचा निकाल त्या वर्षी उत्तम लागला आणि त्याबद्दल माझा सत्कारही झाला.

बारा-तेरा वर्षांनी ते गृहस्थ कर्जत स्टेशनवर भेटले. तिथेच, त्याच शाळेत होते. चहा पाजला, बळेबळे पैसेही त्यांनीच दिले. बोलता बोलता म्हणाले, "सर, तुम्ही तेव्हा माझ्यासाठी पत्र लिहिलं होतंत, मला कळलं होतं. आभार मानायचे राहून गेले." मी काय बोलणार? गाडी आली. ते आता नाहीत.

हे मी आजवर हिलासुद्धा सांगितलं नव्हतं. त्या रात्री सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मग आता झोपा, आणि सकाळी नीट लिहा."

आपल्याकडे शिफारस म्हटलं की लोकांना आधी वशिलाच आठवतो. दोन्हींत फरक आहे, पण तो लिहिणाऱ्यालाच ठाऊक असतो. केळुसकर गुरुजींची हकीकत आपल्याला माहीत आहे. विल्सन हायस्कूलमधले शिक्षक, चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या एका मुलाशी त्यांची ओळख झाली. १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा आपलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं, आणि पुढचं शिक्षण अडलं तेव्हा सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. मुलाचं नाव भीमराव आंबेडकर. केळुसकरांना त्यातून काय मिळायचं होतं? काही नाही. मला मात्र मॅडमना अडवून बरंच मिळणार होतं, आमच्या पोरांच्या नावाखाली.

सकाळी बसलो. पत्र इंग्रजीत हवं होतं. पहिला खर्डा 'आय बेग टू स्टेट' ने सुरू झाला, पुढे प्रामाणिक, कष्टाळू, मनमिळाऊ अशी माळ. वाचून पाहिला तर शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक चांगली' लिहितात तसा वाटला, कुणालाही चालेल असा. फाडला. मग मराठीत लिहिलं, फक्त पाहिलेलं. गोणी, औषधाचं खोकं, हिरवी रेघ, भिवंडीचं कार्ड. त्याचं इंग्रजी मीच केलं, छोट्या छोट्या वाक्यांचं, दुपारपर्यंत कोश उघडा ठेवून. गंमत अशी की आमच्या पंचक्रोशीत तपासून देणारं माणूस एकच, आणि त्यांनाच दाखवता येत नव्हतं!

शेवटी एका वाक्यावर अडलो. मॅडमचं दप्तर वेळेवर पूर्ण होत नाही. टाचणवही मागे, निकालपत्रकं मागे, मुख्याध्यापकांची बोलणी नेहमीची. लिहावं की नाही? लिहिलं. म्हटलं, नुसती स्तुती वाचून कोणी माझ्यावर का विश्वास ठेवावा? पुढे जोडलं की दप्तरासाठी कुणी मदतनीस दिलात तर हा दोष तुम्हाला जाणवणार नाही. पाकीट बंद केलं आणि रजिस्टर करून टाकलं.

मे महिन्यात निवड झाली. जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी त्या पेढे घेऊन आल्या. हसत म्हणाल्या, "सर, दप्तराचं त्यांनी मुलाखतीनंतर मुद्दाम विचारलं हं." मी म्हटलं, "मग?" "म्हणाले, ज्याने हे लिहिलं त्याने बाकीचंही खरंच लिहिलं असेल." हिच्या पाया पडताना मात्र त्यांना रडू आलं.

मुख्याध्यापक महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. नंतर एकदा टपरीवर गाठून म्हणाले, "सर, तुम्ही आमची शाळा मोडलीत." मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं नव्हतंच. जागेवर तासिका तत्त्वावर एक मुलगा आला, गणपतीनंतर त्याला पनवेलला नोकरी लागली. मग मुख्याध्यापकच घरी आले. तेव्हापासून आठवड्यातले तीन दिवस आठवी-नववीचं इंग्रजी मी घेतो. बिनपगारी, पंच्याहत्तरी जवळ आलेली, तर्खडकरांचं इंग्रजी घेऊन. इथे लिहायला वेळ का मिळत नव्हता ते आता कळलं असेल.

पोरं फार सांभाळून घेतात. परवा मी फळ्यावर एक वाक्य लिहिलं, तर मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, मॅडम असं म्हणायच्या नाहीत." कसं म्हणायच्या, विचारलं. त्याने सांगितलं. त्याचंच बरोबर होतं. लाल खडू हातात होता, तो ठेवून हिरवा शोधला, सापडला नाही.

सुट्टी संपून शाळा सुरू झालीय. वाडीवरची दोन घरं भट्टीवर गेली, बाकीची या आठवड्यात निघतील. नववीतली पाच मुलं आहेत त्यांत. उद्या सकाळी पोस्टात जाऊन वीस कार्डं आणायची आहेत, आणि पत्ते रात्रीच लिहून ठेवायला हवेत.