रूम नंबर ३०४

आमच्या हॉस्टेलच्या नाईट-आऊट फॉर्ममध्ये 'जाण्याचे ठिकाण' नावाचा एक रकाना असतो. त्यात 'मामा', 'मावशी' आणि 'चुलत बहिणीचे लग्न' यापलीकडे कुणी काही लिहिल्याचं ऐकिवात नाही. (आमच्या विंगमधल्या एकीच्या चुलत बहिणीचं लग्न गेल्या वर्षात चार वेळा झालं!) त्या रकान्यात मी 'हॉटेल, फोर्ट, मुंबई' असं लिहिलं आणि वॉर्डन मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"लॉजवर राहणार?"

"हॉटेल आहे मॅडम. शाळेतली मैत्रीण येतेय सोलापूरहून."

मग माझ्या घरी फोन, मैत्रिणीच्या घरी फोन, हॉटेलला फोन. तीन फोननंतर सही. मॅडम, हे छापून आलं तर रागावू नका, तुमच्या जागी मीही तेच केलं असतं.

तर ही मैत्रीण म्हणजे ट्वेल्व्ह. खरं नाव सांगायचं नाही अशी तिची अट आहे. शाळेत माझा रोल नंबर अकरा, तिचा बारा. कॉन्व्हेंटमध्ये हजेरी इंग्लिशमध्ये, त्यामुळे पहिलीपासून मी इलेव्हन आणि ती ट्वेल्व्ह. शाळेच्या गेटच्या आत मराठी बोललं की पाच रुपये दंड. तिच्या घरी तेलुगू, माझ्या घरी मराठी, आणि आमची दोघींची दहा वर्षांची भांडणं, गुपितं, रडारड सगळी इंग्लिशमध्ये! (माझं मराठी कसं आहे ते तुम्ही वाचताच आहात. संपादकांनी हा लेख एकदा परत पाठवला होता.)

बारावीनंतर दोघींनी इंजिनिअरिंगला अॅडमिशन घेतली. मी इकडे पुण्याला, ती सोलापुरातच. तिचं फर्स्ट इयर संपता संपता तिच्या पप्पांना पॅरालिसिसचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. घराखालच्या शेडमध्ये टॉवेलचे आठ माग. ते कोण बघणार? भाऊ आठवीत. तिनं कॉलेज सोडलं. 'सोडलं' हा शब्द ती वापरत नाही, 'थांबवलंय' म्हणते. याला आता पावणेदोन वर्षं झाली.

मुंबईत एक रात्र हॉटेलात राहायचं ही आयडिया तिचीच. फोनवर म्हणाली, "यार, एक दिवस असा पाहिजे की सकाळी उठल्यावर कुणी मला 'अक्का, कांड्या संपल्या' म्हणणार नाही." मला वाटलं, चला, मजा! मरीन ड्राइव्ह, शॉपिंग, रात्रभर गप्पा.

मी शनिवारी डेक्कन क्वीननं सीएसएमटीला उतरले तेव्हा ती सिद्धेश्वर एक्सप्रेसनं पहाटेच येऊन, वेटिंग रूममध्ये अंघोळ करून, वेणी घालून तयार होती. हातात एक बॅग. उचलायला गेले तर उचलेना! आत काय होतं ते पुढे सांगते.

हॉटेल स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. जुनी इमारत, लाकडी जिना, जाळीच्या दाराची लिफ्ट. काउंटरवरच्या काकांनी आमची आधार कार्डं उलटीसुलटी करून बघितली. "दोनोंही हो? साथ में कोई बडा नहीं?" मी काही बोलायच्या आत ट्वेल्व्हनं पर्समधून आपलं व्हिजिटिंग कार्ड काढून ठेवलं. "बिल इस नाम पे बनाना, जीएसटी नंबर लिखा है." काका लगेच 'मॅडम' म्हणायला लागले. मला मात्र शेवटपर्यंत 'बेबी'च.

रूम ३०४. खिडकी उघडली की समोर भिंत, आणि मान बाहेर काढून डावीकडे वळवली की रस्त्याची एक पट्टी. मी आधी बाथरूम बघितलं, एसी लावून बघितला, गादीवर उडी मारली. आणि ट्वेल्व्ह? बेडवर घडी करून ठेवलेला टॉवेल उचलून खिडकीशी गेली. कोपरा चिमटीत धरला, उलटा केला, कडेवरून बोट फिरवलं.

"रेपियरचा आहे," म्हणाली.

"कशावरून?"

"काठ बघ ना. दुमडून शिवलाय. आमच्याकडे धोटा या टोकाला जातो, वळतो, तोच धागा घेऊन परत येतो, त्यामुळे काठ आपोआप बंद होतो. रेपियर प्रत्येक वेळी धागा कापतो. कापलेली टोकं झाकायला शिलाई मारावी लागते."

मग तिनं दुसरा टॉवेल बघितला, नॅपकिन बघितला, पायपुसणंसुद्धा बघितलं. सगळे तसेच. म्हणाली, "आमचा माग मिनिटाला सव्वाशे धागे टाकतो. तो त्याच्या दुपटीनं टाकतो." आणि टॉवेल परत जसाच्या तसा घडी करून ठेवला, हॉटेलवाल्यांपेक्षा नीट.

खरं सांगू? टॉवेलवर ते लूप कसे येतात हा प्रश्न मला वीस वर्षांत पडला नव्हता, आणि मी मेकॅनिकलची विद्यार्थिनी आहे! तिनं दहा मिनिटांत समजावलं. उभ्या धाग्यांच्या दोन बीम असतात. एक ताणलेली, एक सैल. फणी पहिले दोन आडवे धागे पूर्ण ठोकत नाही, थोडं अंतर सोडते. तिसरा धागा आला की तिघांना एकदम पुढे ठोकते. ताणलेले उभे धागे जागेवर राहतात, सैल असतात ते पुढे सरकतात आणि त्यांचा फुगा होतो. तो फुगा म्हणजे लूप. आता दोनदा कमी आणि तिसऱ्यांदा पूर्ण, हे फणीला सांगतं कोण? कॅम. तीन धाग्यांना एक फेरा. थिअरी ऑफ मशिन्सच्या पेपरला मी कॅम प्रोफाइल काढून मार्क मिळवले होते. तो कॅम कुठं तरी फिरत असेल आणि त्यावर कुणाचं घर चालत असेल, हे त्या प्रश्नात कुठं लिहिलेलं होतं?

आता बॅगेत काय होतं ते. सोलापूरच्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला, घासून गेलेला कॅम! "तिकडे बिडाचा मिळतो, सहा महिन्यांत घासतो आणि लूप लहानमोठे येतात. मला स्टीलचा, हार्डन केलेला पाहिजे." म्हणजे बाईसाहेब एका तिकिटात तीन कामं घेऊन आल्या होत्या. वसुली, कॅम आणि मी.

वसुली मंगलदास मार्केटमध्ये. रविवारी मार्केट बंद, म्हणून शनिवार. पांढऱ्या गाद्यांवर बसलेले शेट, त्यांच्यासमोर आम्ही दोघी. शेट प्रेमळ होते, चहा मागवला, "बेटा, पप्पा क्यूं नहीं आये?" विचारलं. ती म्हणाली, "पप्पा घर पे हैं. बिल मैंने बनाया है, माल भी मैंने भेजा है." बाकी होती दोन लाख दहा हजार, सात महिन्यांपूर्वीची. शेटनी मंदी सांगितली, दिवाळी सांगितली, स्वस्त टॉवेलांचे ढीग दाखवले. ती ऐकून घ्यायची आणि पुन्हा तारीख आणि रक्कम सांगायची. रक्कम हिंदीत, वहीत आकडे मराठीत, तोंडातल्या तोंडात हिशेब तेलुगूत. मला अजून एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यांत घोळ होतो! पाऊण तासानं ऐंशी हजारांचा चेक मिळाला. खाली उतरल्यावर ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि अर्धी बाटली पाणी एका दमात प्यायली. मी काही बोलले नाही.

नागदेवी स्ट्रीटला चार दुकानं पालथी घातली. मशिनचा कुठलाही पार्ट तिथं मिळतो म्हणतात. कॅम बघून सगळ्यांनी तेच सांगितलं: बनवून मिळेल, पण कमीत कमी पन्नास नग. चौथ्या दुकानदारानं वर विचारलं, माग विकायचे आहेत का? भंगाराचा भाव चांगला आहे. तिनं भाव विचारून वहीत लिहून घेतला. ते मला आवडलं नाही.

संध्याकाळ मात्र ठरल्याप्रमाणे. इराण्याकडे ब्रुन मस्का, मग काळा घोडा. तिथं वॉटसन हॉटेलची जुनी इमारत आहे. १८६० च्या दशकातली, तिचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून, जहाजानं आणून इथं जोडला. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंचे सिनेमे भारतात पहिल्यांदा तिथंच दाखवले गेले. मी ओतीव लोखंडाच्या खांबांवर लेक्चर द्यायला लागले तर ट्वेल्व्ह म्हणे, "बिडाचंच आहे ना? बघ, ते पण घासलं." ओव्हलवर बसलो. समोर राजाबाई टॉवर, २८० फूट, १८७८ ला पूर्ण झालेला. प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले आणि आईचं नाव लावलं. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी चालू होती, तिकडचा कापूस बंद पडला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्यातला हा पैसा. युद्ध संपलं आणि १८६५ मध्ये भाव कोसळून अर्धी मुंबई बुडाली, खुद्द प्रेमचंदही. ट्वेल्व्हनं सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला, "बुडाल्यावर त्यानं काय केलं?" मी म्हटलं, पुन्हा धंदा केला. त्यावर ती बराच वेळ घड्याळाकडे बघत होती.

रात्री एसीची घरघर. दिवा बंद करून तासभर झाला तरी दोघी जाग्या.

"झोप येत नाही?"

"आवाज नाही ना गं. घरी आठ मागांच्या आवाजात झोपते मी. एक जरी बंद पडला तरी जाग येते. पप्पांना तर पडल्या पडल्या कळतं कुठला बिघडलाय. हातानं दाखवता येत नाही, मग नंबर सांगतात. तेवढं स्पष्ट येतं त्यांना."

हे ती मराठीत बोलत होती. दहा वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघी अंधारात मराठीत बोलत होतो आणि दंड घ्यायला कुणी नव्हतं. मग तिनं विचारलं, "विकू का गं? सरळ सांग. कॉलेजची सीट गेली असेल, पण पुन्हा फर्स्ट इयरला बसेन."

मी दिवा लावला. काय सांगणार? हॉटेलचं छोटं पॅड घेतलं आणि दोघींनी बेडवर मांडी घालून हिशेब मांडला. सूत, लाइट बिल, कामगारांचा हप्ता, पप्पांचं औषध, फिजिओथेरपी, भावाची फी. एका बाजूला आठ मागांचं भंगार, एकदाच मिळणारं. पॅडची सात पानं संपली. पहाटे अडीचला तिनं स्वतःच चार वर वर्तुळ काढलं. चार विकायचे, चार ठेवायचे, आणि ज्या वर्षी भाऊ बारावी होईल त्या वर्षी तिनं पुन्हा कॉलेज. मी विचारलं, "चारवर भागेल?" "लूप सारखे आले तर भागेल."

मग पॅडच्या आठव्या पानापासून आम्ही कॅम ठेवून पेन्सिलीनं कडा गिरवली. पान लहान पडलं म्हणून चार पानं चिकटवली. घासलेला भाग तिनं ठिपक्यांनी भरून काढला, अंदाजानं. पुण्यात आल्यावर मी तो ग्राफवर काढला तर अंदाज अर्ध्या मिलिमीटरच्या आत होता.

रविवारी बाराला चेकआउट. बिल अर्धं अर्धं करायचं म्हटलं तर ऐकेना. "तू स्टुडंट आहेस" म्हणाली. इतका राग आला मला! शेवटी जेवणाचं आणि टॅक्सीचं मी दिलं, रूमचं तिनं, आणि पावती घडी करून फाइलला लावली.

घासलेला कॅम आता माझ्या कॉटखाली आहे. वर्कशॉपच्या सरांनी आधी विचारलं, हा कुठल्या टर्मवर्कचा जॉब? सांगितल्यावर त्यांनी स्वतः व्हर्नियर घेऊन मापं तपासली, ईएन-एटचा तुकडा शोधून दिला आणि हार्डनिंग कुठं करून घ्यायचं तेही सांगितलं. चार नग करायचे आहेत. येत्या गुरुवारी सी बॅचचं प्रॅक्टिकल संपलं की मिलिंग मशीन आम्हाला मिळणार आहे. त्या दिवशी कुणाचा जॉब अडलेला असेल तर कृपया शुक्रवारी या.