अर्ध्या मीटरची चौकट

आमच्याकडे फील्डवर्कची तारीख काढायची तर आधी भिंतीवरचं कालनिर्णय उतरवावं लागतं. कॉलेजचं टाइमटेबल नंतर. कोकणातल्या मच्छीमारांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. बीजेला दीडच्या सुमारास भरती, म्हणजे सहा-सव्वासहा तासांनी, पावणेआठच्या आसपास, पुरती ओहोटी. अष्टमीला सहाची भरती, आणि तीही भांगाची. पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. त्या दिवशी मुलांना खडकावर नेऊन काही हाती लागत नाही. परीक्षांचं वेळापत्रक करणाऱ्यांना हे पटवणं हे दरवर्षीचं काम. त्यांच्या तक्त्यात वार असतात, तिथी नसते.

रत्नागिरीत मी बी.एस्सी.च्या मुलांना प्राणिशास्त्र शिकवतो. रत्नदुर्गाच्या पायथ्याचा काळा खडक आणि भाट्याची खाडी या आमच्या दोन प्रयोगशाळा. वर्गातली काही मुलं मच्छीमार घरांतली, काही लांजा-राजापूरकडची, ज्यांनी समुद्र पाहिला तो गणपतीपुळ्याला देवदर्शनाला गेल्यावर. पहिल्या दिवशी दोघंही एकच करतात: वाकून शिंपले खिशात भरायला लागतात. त्यांना काय बोलणार? आपल्या विभागांनीच पिढ्यानपिढ्या हे शिकवलं आहे. फॉर्मॅलिनची बरणी, तिच्यावर पिवळी पडलेली चिठ्ठी, आत रंग उडालेला तारामासा. स्पॉटिंगला मुलं बरणी ओळखून मार्क मिळवतात. 2001 साली प्रवाळ, समुद्री घोडे, समुद्री काकड्या आणि काही शंख-शिंपले वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आले, त्यामुळे आता उचलाउचल कायद्यातही बसत नाही. पण कायदा नसता तरी मी ती बंदच केली असती. बरणीतल्या प्राण्याचा पत्ता पुसलेला असतो, आणि खडकावरचं सगळं राजकारण जागेचं आहे.

म्हणून मुलांच्या हातात पिशवीऐवजी चौकट देतो. चार पीव्हीसी पाइप, चार एल्बो, अर्धा मीटर बाय अर्धा मीटर. आत नायलॉनची दोरी ताणून दहा-दहा सेंटिमीटरची पंचवीस घरं करायची. पाइपला भोकं पाडायची, नाहीतर डबक्यात ठेवल्यावर चौकट तरंगते. भरतीच्या रेषेपासून पाण्याच्या कडेपर्यंत एक दोरी टाकायची, ठरावीक अंतरावर चौकट ठेवायची आणि तिच्यात जे असेल ते मोजायचं. ही चौकट पाठीमागे भिरकावण्याची एक जुनी पद्धत आहे, तिच्यावर माझा काडीचा विश्वास नाही. भिरकावलेली चौकट बरोबर कुर्ल्या असतात तिथेच पडते!

दोरी टाकली की खडकाचे पट्टे दिसू लागतात. सगळ्यात वर, जिथे फक्त उधाणाचे शिंतोडे पोचतात, तिथे भेगांतून दाटीने बसलेल्या इवल्याशा लिटोरिना गोगलगायी. मग बार्नॅकलचा खरखरीत पांढुरका थर, मग कालवांचा पट्टा, त्याखाली शेवाळ आणि झोअँथिडची मऊ हिरवट चादर. प्रत्येक तुकडीत कुणीतरी विचारतंच: ‘सर, बार्नॅकल खाली का नाही जात? खाली तर पाणी जास्त.’ हा प्रश्न जोसेफ कॉनेल यांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर सोडवला. 1961 सालचा त्यांचा निबंध आजही वाचावा असा आहे. वरच्या पट्ट्यातले बार्नॅकल बसलेले दगड त्यांनी खाली नेऊन ठेवले आणि काही ठिकाणी शेजारच्या मोठ्या जातीचे बार्नॅकल खरवडून काढले. शेजारी नसले की वरचे बार्नॅकल खालीही मजेत जगले. शेजारी असले की दाबले गेले, उखडले गेले. तिथे वरची हद्द ऊन आखतं, खालची हद्द शेजारी. या प्रयोगाला यंत्र लागलं नाही. दगड, पातं आणि महिनोन्‌महिने तिथेच परत जाण्याची चिकाटी लागली.

एकदा एका मुलीने चौकटीतल्या कालवांचे आकडे सांगितले आणि मग म्हणाली, ‘यातली तीन रिकामी आहेत, ती धरू का?’ जवळ जाऊन पाहिलं. शिंपा जागेवर, वरची झडप जागेवर, आणि तिच्यात टाचणीच्या डोक्याएवढं गोल, गुळगुळीत कडेचं भोक. दोन घरं सोडून थेस गोगलगाय बसलेली. तिच्या जिभेवर कानशीसारखे दात असतात. झडप आधी स्रावाने मऊ करायची, मग घासायची, असं तासन्‌तास चालतं. मग भोकातून सोंड घालून कालव आतल्या आत फस्त. वहीत त्या दिवशी ‘मेलेली, भोक पडलेली’ असा नवा रकाना आला. कुणी ती शिंपली घरी नेली असती तर तिला भोक पाडणारी शेजारीण दिसलीच नसती.

मुलांना सगळ्यात जड जातं ते शून्य लिहिणं. चौकटीत काही नसलं की ती हळूच अर्धा हात सरकवतात. मी ती परत मागे सरकवतो. उघडा खडक हीसुद्धा नोंद आहे. दगड उलटला की त्याखालचे चिनी मातीसारखे गुळगुळीत खेकडे, ठिसूळ तारे, अंड्यांचे पुंजके पाहायचे आणि दगड होता तसाच, हलक्या हाताने परत ठेवायचा. उताणा ठेवला तर खालचे उन्हाने मरतात आणि वरचं शेवाळ अंधाराने. समुद्राकडे पाठ करायची नाही. पाणी फिरलं की आकडे अर्धवट राहिले तरी वर यायचं. यात वाटाघाट नाही.

या खडकावर आमच्याआधी पोचलेली एक बाई असते, कालवं काढणारी. हातात छोटी कोयती, डोक्याला टॉवेल. मुलं तिला मावशी म्हणतात. तिने एकदा आमची चौकट निरखून पाहिली आणि म्हणाली, ‘पूर्वी ह्या वरच्या खडकाला पण कालवं होती रे. आता खालीच गावतात.’ कधीपासून? ‘माझी पोरगी लहान होती तवापासून.’ मुलांनी माझ्याकडे पाहिलं. हे खरं असेल तर कारण काय, वाढतं ऊन, काढणाऱ्यांचे वाढलेले हात, की खाडीतून येणारा गाळ? सांगता येत नाही, कारण तिच्या आठवणीशेजारी ठेवायला आमच्याकडे त्या काळची एकही वही नाही. कॉलेजं होती, प्राणिशास्त्राचे विभाग होते, सहली निघत होत्या, आणि अहवाल परीक्षेनंतर रद्दीत जात होते.

डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्याजवळ प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींना म्हणूनच एक विनंती आहे. दरवर्षी नवा बीच शोधू नका. चालत जाता येईल असा एकच खडक निवडा, दोरीच्या दोन्ही टोकांना पक्की खूण करा, महिना आणि तिथी बदलू नका. आणि वही मुलांबरोबर घरी जाऊ देऊ नका. ती पुढच्या तुकडीच्या हातात द्या, शून्यांसकट.